रुसूबाईचा शोफर

फ्रान्सातल्या बेर्सिली गावात बाईमाणसाला वय विचारायची पद्धत नाही. अपवाद एकीचा. रुसूबाई अठराशे एकोणऐंशी सालची, हे पाळण्यातलं पोरही सांगेल आणि सांगताना छाती पुढे काढेल. गावातल्या एका तांबटाने, जो एरवी ब्रँडी गाळायच्या भट्ट्या बनवायचा, एक भट्टी आडवीतिडवी चाकांवर बसवली आणि वाफेवर चालणारी गाडी केली. पेट्रोल तेव्हा डाग काढायला वापरत. पहिल्याच फेरीत गाडी चर्चच्या चढावर अडून बसली. तांबटाच्या बायकोने तिला तिथेच नाव ठेवलं, ‘ला बुदझ’. आपल्या भाषेत रुसूबाई.

तिच्या वेळच्या बहुतेक गाड्या केव्हाच भंगारात गेल्या. ही उरली ती कोंबड्यांमुळे. तांबट गेल्यावर त्याच्या विधवेने तिच्यात खुराडं केलं. दोन महायुद्धांत लोखंड-तांबं गोळा करणारे दारापर्यंत आले आणि परत गेले, कारण अंडी देणाऱ्या वस्तूला हात लावायची या मुलखात कुणाची टाप नाही. पुढे गावाने तिला घासूनपुसून बाहेर काढली, मंडळ स्थापन केलं, आणि तेव्हापासून दर सप्टेंबरात जुन्या वस्तू मिरवायच्या ‘वारशाच्या रविवारी’ ती धापा टाकत गावातून फिरते.

तिला माणसं लागतात दोन. पुढच्या बाकावर दांडा धरून वळवणारा एक, आणि मागच्या फळीवर उभं राहून भट्टीत कोळसा टाकणारा एक. पुढच्याला उंच टोपी, फोटो आणि टाळ्या. मागच्याला काजळी. पण शोफर म्हणतात तो मागच्यालाच. शोफर म्हणजे तापवणारा. चालवणाऱ्यांनी ते नाव नंतर लांबवलं. बिनवाफेच्या गाड्या आल्या, तापवायचं काही उरलं नाही, तरी नाव सोडवेना.

पुढच्या बाकावर आन्सेल्म कुर्तिये बसतो. निवृत्त नोटरी, मंडळाचा अध्यक्ष, आणि लोकांची मृत्युपत्रं वाचण्यात आयुष्य गेल्यामुळे साधं ‘शुभ सकाळ’ही कलम वाचल्यासारखं म्हणणारा. माणूस वाईट नव्हे. फक्त स्वतःच्या आवाजाचा त्याला फार लळा.

मागच्या फळीवर वर्षानुवर्षं लेओंस रागो. यंदा लेओंसचा गुडघा बदलला. डॉक्टरने नव्या गुडघ्याला चढउतार वर्ज्य सांगितला, आणि फळी रिकामी झाली.

ती फळी लेओंसच्या बायकोला हवी होती. ओदील रागोला. आणि हे हवंसं वाटणं काही कालपरवाचं नव्हतं. लग्न झाल्यापासून दर वारशाच्या रविवारी ती फुटपाथवर नवऱ्याचं जाकीट हातात धरून उभी राहायची, आणि गाडी समोरून गेली की अंगावर येणारी ती ऊब, तो तेलाचा नि ओल्या धुराचा वास नाकात भरून घ्यायची. जाकीट धरायला खुंटीही चालली असती, हे तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं. गेल्या काही हिवाळ्यांत लेओंस कुरकुरत्या गुडघ्याने शेडमध्ये बसून राही आणि बॉयलर तीच पेटवी, तीच झडपा घासी. गावाला ते ठाऊक होतं. मंडळाला ठाऊक नव्हतं, म्हणजे मंडळ बघत नव्हतं.

जूनमध्ये कॅफेच्या मागच्या खोलीत सभा भरली.

“तर, भट्टीवर कोण?” आन्सेल्मने चष्म्यावरून विचारलं, आणि उत्तर येण्याआधीच जावयाकडे बघितलं. जावई रोदोल्फ शेजारच्या गावात चष्मे विकायचा. त्याने बुटांकडे बघितलं.

“मी,” ओदील म्हणाली.

“मादाम रागो, गैरसमज नको. स्त्रियांबद्दल मला अपार आदर आहे...”

“आदर राहू द्या. फावडं द्या.”

“पण मंडळाच्या घटनेत शब्द आहे शोफर. पुल्लिंगी. त्याचं स्त्रीलिंग करायला गेलं तर होतं शोफझ. आणि शोफझ म्हणजे काय, हे या सभेला मी सांगायला नको.”

नकोच होतं. शोफझ म्हणजे शेकोटीपाशी ठेवायची ती बुटकी, बिनहातांची खुर्ची. प्रत्येकाच्या घरी एक असते आणि तिच्यावर मांजर असतं. खोलीत हशा पिकला. लेओंसही हसला, मग बायकोकडे बघून खोकला.

“बरं,” ओदील म्हणाली, “म्हणजे मी खुर्ची. मग या ना मस्यू कुर्तिये, बसून बघा माझ्यावर. चटका बसला तर घटनेत औषध शोधा.”

आता हशा दुसऱ्या बाजूने पिकला, आणि सर्वांत मोठा आवाज युगेतचा. युगेत ही ओदीलची शाळेपासूनची मैत्रीण. हसली की कपाटातली भांडी वाजतात. आन्सेल्मने पेल्यावर पेन वाजवलं. माणूस नोटरी, त्यामुळे भांडण आलं की त्याला करार सुचतो.

“एक संधी देऊ. वारशाच्या रविवारी मादाम रागो भट्टीवर. भोजनाच्या घंटेआधी रुसूबाई चर्चच्या चौकात पोहोचली, तर फावडं त्यांचं. नाही पोहोचली, तर रोदोल्फचं.”

“माझं?” रोदोल्फ दचकून म्हणाला.

“तुझं,” सासरा म्हणाला.

वारशाच्या रविवारी ऊन कसं लिंपल्यासारखं पडलं होतं. ओदीलने पहाटेच शेड उघडली. वेलीच्या काटक्या, मग ओकच्या ढलप्या, मग कोळसा. बॉयलर आधी नुसता पुटपुटला, मग घसा खाकरला, मग गुणगुणू लागला. लेओंस काठी टेकून तिथेच खुर्चीवर.

“काटकी आडवी घाल.”

“घातली.”

“पाण्याच्या काचेकडे लक्ष ठेव. भट्टी काय, दिसते. पाणी फसवतं.”

“लेओंस, तुला लग्नात वचन दिलं होतं सुखदुःखात साथ देईन म्हणून. सूचना ऐकेन असं म्हटलं नव्हतं.”

“बरं बाई.” त्याने काठी या हातातून त्या हातात घेतली. “तेलाची कुपी...”

“लेओंस!”

आन्सेल्म आला तो उंच टोपी, शेपटीचा काळा कोट आणि पांढरे हातमोजे घालून. लग्नाला निघालेल्या बगळ्यासारखा. मधल्या बाकावर मेयरबाई तिरंगी पट्टा लावून बसल्या. रोदोल्फ शेजारी चालणार होता, गरज पडल्यास. त्याच्या हातात कोरे करकरीत चामडी हातमोजे होते आणि चेहऱ्यावर परीक्षेला आपल्याऐवजी दुसऱ्याने बसावं असा भाव.

“वाफ?” आन्सेल्म पुढे तोंड ठेवूनच ओरडला.

“आहे,” ओदील म्हणाली आणि झडप उघडली.

रुसूबाई निघाली. फुस्स-ठप, फुस्स-ठप, माणसाच्या झपझप चालीने. दुतर्फा गाव उभं होतं. ओदीलच्या नाकावर काजळीचा पहिला ठिपका बसला आणि तिला वाटलं, आता देवाने घरी बोलावलं तरी ‘थांबा, कोळसा टाकून येते’ म्हणेन. दर काही पावलांनी एक फावडं, वाफेच्या काट्याकडे नजर, पाण्याच्या पातळीच्या काचेकडे नजर. फुटपाथवर लेओंस तिचं जाकीट धरून काठीने पुढे पुढे पळत होता, नव्या गुडघ्याला न शोभेल असा.

बेकरी मागे पडली, पूल मागे पडला. रुसूबाईला तहान फार. पूल ओलांडला की धोबीघाटाशी ती पाणी पिते, ही तांबटाच्या वेळची रीत. छपराखालचा दगडी हौद, झऱ्याचं गोड पाणी. टाकी तिथेच भरायची आणि मग चर्चचा चढ. दरवर्षी घाट ओस असतो, कारण घरोघर यंत्रं आल्यापासून कपडे धुवायला तिथे येतंय कोण?

यंदा आल्या होत्या. युगेत आणि तिच्या मैत्रिणी पांढऱ्या टोप्या, निळे एप्रन घालून गुडघ्यांवर बसल्या होत्या, धोपटण्यांनी चादरी बडवत होत्या, पर्यटक फोटो काढत होते. “जुन्या काळची धुलाई दाखवू,” असं युगेतने जाहीर केलं होतं. खरं कारण वेगळं होतं. आपली ओदील भट्टीवर उभी राहून जाणार, तेव्हा ओरडायला पहिल्या रांगेत जागा हवी होती. मार्सेच्या साबणाच्या वड्याच्या वड्या त्यांनी सकाळपासून झिजवल्या होत्या.

“ओ शेकोटीची खुर्ची!” युगेत ओरडली. “खाली उतरू नकोस! घंटेआधी पोचायचंय तुला. आम्ही भरतो!”

आणि त्या भिडल्या. हातोहात बादल्या निघाल्या. झऱ्याचं तोंड हौदाच्या त्या टोकाला, चार ढांगा लांब. हौद इथे, हाताशी. मैत्रिणीची घाई असताना चार ढांगा कोण जातो? बादल्या हौदात बुडाल्या आणि टाकीत रिकाम्या झाल्या. ओदील वरून बघत असती तर तिला दिसलं असतं. पण ती बघत नव्हती. ती हात हलवत होती. समोर लेओंस जाकीट झेंड्यासारखं फिरवत होता, कुणीतरी तिच्या नावाने गाणं जुळवलं होतं, आणि आयुष्यात एकदा राणीसारखा हात हलवायला मिळाला की तो हात आवरत नाही.

“भरली!” युगेत म्हणाली.

“निघा!” ओदील म्हणाली, आणि पंपाने नवं पाणी बॉयलरमध्ये ढकललं.

चढाच्या पायथ्याशी पहिला बुडबुडा निघाला. धुराड्यातून. संत्र्याएवढा, इंद्रधनुषी, तो तरंगत मेयरबाईंच्या नाकासमोर आला आणि फुटला. मेयरबाई म्हणाल्या, “अय्या.” मग दुसरा. मग दहा. मग रुसूबाईने खोल श्वास घेतला आणि धुराड्यातून फेसाचा लोट उडाला, कुणीतरी घाईत उघडलेल्या शॅम्पेनसारखा. तो वर गेला, क्षणभर थांबला, आणि आन्सेल्मच्या उंच टोपीवर पांढरं पागोटं बनून बसला. आन्सेल्मला कळलं नाही. तो समोर बघून मान लववत होता, कारण टाळ्या एकदम फारच वाढल्या होत्या.

लोक वेडे झाले होते. पोरं बुडबुड्यांमागे, कुत्री पोरांमागे. एक आजोबा रडेस्तोवर हसत होते.

ओदील हसत नव्हती. पाण्याच्या काचेत पाणी दिसत नव्हतं. दुधाळ कॉफीवर असतो तसा फेस होता, वरपासून खालपर्यंत. किती पाणी आहे, आहे की नाही, देव जाणे. तिने टाकीत बोट बुडवून जिभेला लावलं. साबण. आणि तेवढ्यात खालून आवाज आला. ठक्. लाकडावर हातोडी मारल्यासारखा. पुन्हा ठक्.

तो आवाज तिने ओळखला. वाफेबरोबर फेसाळलेलं पाणी सिलिंडरमध्ये शिरत होतं. वाफ दबते, पाणी दबत नाही. अशी पुढे रेटली, तर पिस्टन त्या पाण्यावर आपटेल, आणि मग दीडशे वर्षांचं ओतीव लोखंड काचेच्या पेल्यासारखं तडकेल. दुसरं मिळायचं दुकान नाही.

तिने झडप बंद केली आणि सिलिंडरचे निचऱ्याचे नळ उघडले. दोन्ही बाजूंनी साबणपाण्याच्या पिचकाऱ्या उडाल्या. रोदोल्फचे नवे हातमोजे धुऊन निघाले. रुसूबाई थांबली. चढ समोर. चढाच्या माथ्यावर चौक, चौकात पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं, आणि चर्चच्या मनोऱ्यावरचा काटा भोजनाकडे सरकत होता.

“का थांबलो?” आन्सेल्मने मागे न बघता विचारलं.

“पाण्यात साबण आहे. फेस होतोय.”

“होऊ दे! लोकांना आवडतंय! इथून चौक दगडाच्या टप्प्यात आहे. वाफ सोडा!”

“सिलिंडर फुटेल.”

“फुटायला काय अंडं आहे? मादाम, वर्तमानपत्राचा माणूस वर उभा आहे. सोडा वाफ!”

ओदीलने माथ्याकडे बघितलं. खरंच जवळ होतं. कदाचित पोचलीही असती. दहातल्या सात वेळा पोचली असती. आणि फावडं तिचं झालं असतं, कायमचं, सगळ्या गावादेखत. इथे थांबली तर तिच्याच चुकीने गेलं. टाकीत काय पडतं ते बघायचं काम युगेतचं नव्हतं, मेयरबाईंचंही नव्हतं. शोफरचं होतं, आणि शोफर हात हलवत होती. उरलेल्या तीन वेळांचा विचार मनात आला आणि तिचा हात झडपेवरून उठला.

आन्सेल्मचा संयम सुटला. तो बाकावर उभा राहिला, फेसाच्या पागोट्यासकट वळला आणि मृत्युपत्र वाचायच्या खणखणीत आवाजात ओरडला, “शोफर! वाफ!”

‘शोफर’ हा शब्द सगळ्यांनी ऐकला. स्वतः आन्सेल्मनेही ऐकला, जरा उशिरा.

“शोफर नाही म्हणते,” ओदील म्हणाली.

तिने भट्टीचं दार उघडलं, लांब आकडीने पेटता कोळसा ओढून खालच्या राखेच्या पेटीत पाडला, आणि पंप बंद केला. आता हुकूम द्यायला आन्सेल्म होता, पण पाळायला आगच नव्हती. वर चौकात भोजनाची घंटा वाजली.

ओदील फळीवरून उतरली. तोंड काळं, डोळे भरलेले, आणि भरलेले डोळे पुसायला हात तेलकट. “चूक माझी,” ती म्हणाली. “बघितलं नाही मी.”

“चूक आमची गं बाई,” युगेत मागून धावत आली, धोपटणं अजून हातात. “मीच ओतलं! मला काय माहीत तिला साबण चालत नाही? एवढी काळी, म्हटलं धुतली तर बरंच!” आणि असं म्हणून ती रडायला लागली. तिचं रडणंही हसण्याएवढंच मोठं होतं.

“आता काय?” मेयरबाईंनी विचारलं.

“आता निवू द्यायची. तापला बॉयलर रिकामा करून त्यात गार पाणी भरता येत नाही. निवली की रिकामी करायची, धुवायची, झऱ्याच्या तोंडचं पाणी भरायचं, पुन्हा पेटवायची.”

“वेळ?”

“जेवणाइतका. आपल्या जेवणाइतका, तुमच्या ऑफिसच्या डब्याइतका नव्हे.”

बेर्सिलीला एवढं पुरे होतं. गाडी टेबलांपर्यंत येत नाही म्हणता टेबलंच गाडीपर्यंत आली. चढावरून माणसं उलटी चालत, फळ्या डोक्यावर घेऊन उतरली. मागून पाव, रिय्येतची, म्हणजे चरबीत शिजवलेल्या मांसाच्या लगद्याची मडकी, शेळीचं चीज, गावच्याच द्राक्षांची पांढरी वाईन. रस्ता उताराचा, त्यामुळे टेबलंही उताराची. पेले घरंगळायचे, वरच्या टोकाला बसणाऱ्याचं चीज खालच्या टोकाला पोचायचं आणि खालचे ते देवाची देणगी समजून खायचे. अशी पंगत गावाला कुणी आठवेना.

आन्सेल्म एकटाच रुसूबाईच्या पुढच्या बाकावर बसला होता. टोपी मांडीवर, फेस वाळलेला. गाडीने रुसायचं सोडलं की मालकाने धरायचं, असा काही नियम असावा.

रोदोल्फ त्याच्यासाठी प्लेट घेऊन गेला. ओदील मागच्या चाकाशी राख उपसत होती. तिला सगळं ऐकू येत होतं, आणि ती ऐकतही होती.

“बाबा, एक सांगू? रागवाल.”

“बोल.”

“तुम्ही मघाशी ओरडलात ना, तसं माझ्यावर ओरडला असतात, तर मी सोडली असती वाफ.”

आन्सेल्मने प्लेट हातात घेतली.

“लगेच सोडली असती,” रोदोल्फ म्हणाला. “मला तुमची भीती वाटते.”

“मीही सोडली असती,” टेबलावरून लेओंस म्हणाला. त्याच्या तोंडात पाव होता. “एकदा सोडलीही होती, पाणी कमी असताना. नशीब चांगलं म्हणून सगळे जगलो. आन्सेल्म, तुला ‘नाही’ म्हणणारं माणूस मागे नव्हतंच कधी. आज पहिल्यांदा आलं.”

आन्सेल्मने प्लेटीतला रिय्येत पावाला लावला, खाल्ला, दुसरा तुकडा लावला. नोटरी माणूस उपाशीपोटी निर्णय देत नाही. मग खाली उतरला, गाडीला वळसा घालून मागे आला आणि घसा साफ केला.

“घटना मी पुन्हा मनात वाचली,” तो म्हणाला. “पद पुल्लिंगी आहे. पदावर बसणारी व्यक्ती कोणती, यावर घटना मौन बाळगते. तेव्हा पुल्लिंगी ‘ल’ तसाच ठेवून ‘मादाम ल शोफर’ म्हणायला व्याकरणाची हरकत दिसत नाही.”

“आणि अध्यक्षांची?”

“अध्यक्षांची...” त्याने टोपीवरचा वाळका फेस नखाने खरवडला. “अध्यक्षांना जरा ओरडायची सवय आहे. ती जाणार नाही. तुम्ही तुमची सवय सोडू नका.”

“अट होती घंटेआधी पोचायची. पोचले नाही.”

“अट मी घातली, मी काढली. तुम्हाला फावडं हवंय की वाद?”

ओदीलने फावडं घट्ट धरलं. वाद तिलाही आवडायचा, पण दोन्ही हात गुंतले होते.

मग बादल्यांची रांग लागली, चर्चच्या चढापासून पुलापर्यंत आणि पुलापासून झऱ्याच्या थेट तोंडापर्यंत. पहिल्या टोकाला युगेत, प्रत्येक बादलीत नाक घालून हुंगत. शेवटच्या टोकाला ओदील. तिनेही प्रत्येक बादलीत बोट बुडवून चाखलं, मेयरबाईंनी दिलेल्या बादलीतसुद्धा. बॉयलर धुतला, पुन्हा धुतला, तिसऱ्यांदा पाणी नितळ आलं. वेलीच्या काटक्या पेटल्या. टेबलावर आलुबुखारचे टार्ट आले, मग कॉफी, मग कुणीतरी ब्रँडी काढली. काचेत पाणी स्वच्छ, स्थिर उभं राहिलं.

आन्सेल्म टोपी घालून पुढे बसला. मेयरबाई बसल्या. गाव टेबलं सोडून दुतर्फा उभं राहिलं, कुणाच्या हातात पेला, कुणाच्या हातात टार्ट.

“मादाम ल शोफर,” आन्सेल्मने विचारलं, आणि या खेपेला मान वळवून विचारलं, “निघू या?”

ओदीलने काट्याकडे बघितलं. निघण्यापुरती वाफ झाली होती. चढण्यापुरती व्हायची होती.

“थांबा,” ती म्हणाली.

आन्सेल्म थांबला. मेयरबाई थांबल्या. सगळं गाव थांबलं. ओदीलने सावकाश एक फावडं कोळसा घेतला, भट्टीच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे आग जरा पातळ होती, तिथे नेमका पसरला, दार लावलं आणि काटा हळूहळू वर चढताना बघत राहिली.

“आता?” आन्सेल्म म्हणाला.

“थांबा म्हटलं ना.”

तो पुन्हा थांबला. लेओंसने जाकीट खांद्यावर टाकलं आणि शेजारच्याला म्हणाला, “घरी पण असंच असतं.” मग काटा पोचला, झडप उघडली, आणि रुसूबाई कोरड्या, करकरीत वाफेचे फुत्कार टाकत चढाला लागली.